खीळ

सोमवार, ५ फेब्रुवारी २०२४. सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. स्त्रीकक्षाच्या दाराशी ठेवलेल्या वजनकाट्यावर धाकली उभी राहिली तेव्हा काटा चौतीस किलोवर थांबला. पुष्पा सिस्टरने तिला उतरवून पुन्हा चढवले. चौतीसच.

"काटा बराबर हाय सिस्टर," धाकलीचा नवरा लाहू म्हणाला, "बायच सुकलीय."

दोघे झरी गावाहून आले होते. चार महिन्यांपासून धाकलीच्या अंगात ताप मुरला होता, अंगावरून घाण जात होती आणि ओटीपोटात डावीकडे काहीतरी टणक हाताला लागत होते. लाहूने आधी भगत केला, मग तलासरीतल्या एका दवाखान्यात तीनदा सुया टोचून आणल्या. शेवटी कोणीतरी डहाणूतल्या या सेवाभावी संस्थेच्या रुग्णालयाचे नाव सांगितले.

पुष्पा या रुग्णालयात एकवीस वर्षे होती. मूळची बोर्डीची, चिकूच्या वाडीवाल्या घरातली. नव्या बाईला प्रश्न विचारण्याचा तिचा क्रम ठरलेला असे: पाळी, बाळंतपणे, पडलेले गर्भ, ऑपरेशने. त्या ओघातच तिने विचारले, "तांबी होती का?"

"व्हती ना. नवऱ्यानं भंगारवाल्याला दिली."

पुष्पाला हसू आवरेना. पाणी प्यायची तांबी नव्हे, तिने समजावले. मूल राहू नये म्हणून आत बसवतात ती, कॉपर-टी. धाकलीने मान हलवली. तसले काही नाही. पुष्पा पुढच्या प्रश्नाकडे वळली.

सोनोग्राफीत नऊ सेंटिमीटरची गाठ निघाली. डाव्या अंडाशयाला चिकटलेली, कडा वेड्यावाकड्या; तिच्या पसाऱ्यात गर्भाशय धड दिसतच नव्हते. रक्ताच्या तपासणीतला कॅन्सरचा आकडाही वाढलेला होता. डॉ. ऋचांनी लाहू आणि धाकली दोघांना समोर बसवून सावकाश सांगितले. ही गाठ कॅन्सरची असण्याचा संभव मोठा आहे. गुरुवारी सकाळी रुग्णवाहिका मुंबईला नेईल. तिथे गर्भाशय, दोन्ही अंडाशये आणि कदाचित आतड्याचा तुकडाही काढावा लागेल. मग शौचासाठी काही काळ, किंवा कायमचीच, पोटावर पिशवी लावावी लागेल.

लाहू जमिनीकडे पाहत राहिला. प्रश्न विचारला तो धाकलीने.

"पिशवी पान्यात चालते का? लावनीला गुडघाभर पानी असतंय. वाकावं लागतंय."

बाहेर आल्यावर डॉक्टर पुष्पाला म्हणाल्या की त्यांना तो ताप खटकतो आहे. कॅन्सरलाही ताप येतो, पण असा हुडहुडी भरून, रोज दिवेलागणीला येत नाही. बाईला सगळे पुन्हा एकदा विचारून बघ. पुष्पाने विचारले, त्याच क्रमाने आणि त्याच शब्दांत. उत्तरेही तीच आली.

बुधवारी सकाळी धाकलीची थोरली लेक रूपी कडेवर सहा महिन्यांचे मूल घेऊन भेटायला आली. शेजारच्या खाटेवर वाढवणची हिरकणी होती. तिचे गर्भपिशवीचे ऑपरेशन होऊन टाके सुकत आले होते आणि तोंड तर कधी बंद पडलेच नव्हते. बंदराविरुद्धच्या मोर्चात आपण पोलिसांना काय ऐकवले ते सांगून संपल्यावर तिने रूपीकडे मोहरा वळवला.

"पोर लहान आहे गो तुजा. दुसऱ्याची घाई नको करू. तांबी बसव."

"ती काय?"

हिरकणीने दोन बोटे आडवी धरली, त्यांच्याखाली एक उभे. "अशी असते. आत बसवतात."

रूपी तोंडावर पदर धरून हसली. "ती तं खीळ. आमच्या पाड्यात खीळ बोलतात तिला."

सलाइनची बाटली बदलणारा पुष्पाचा हात हवेतच राहिला. तिने धाकलीकडे पाहिले. धाकलीने तोंड भिंतीकडे फिरवले होते.

पुष्पाने लाहूला औषधाची चिठ्ठी देऊन खाली दुकानात पाठवले, रूपीला मुलासह व्हरांड्यात बसवले आणि खाटेभोवतीचा पडदा ओढला. मग ती खाटेच्या कडेला टेकली.

"धाकलीबाई, खीळ घातली होती का?"

"त्याला सांगशील?" धाकलीने विचारले.

"डॉक्टरांना सांगावं लागेल. त्याला माझ्या तोंडून कळणार नाही."

मग धाकली बोलू लागली, भिंतीकडे पाहतच. तिसरी मुलगी झाली तेव्हा तिचे इतके रक्त गेले होते की पाड्यावरच्या बायांनी रडायला सुरुवात केली होती. त्या वेळची उपकेंद्राची नर्स सोनीबाई. तिने बजावले, चौथ्या वेळी तू वाचणार नाहीस. लाहूला मुलगा हवा होता. तो ऐकणारा नव्हता.

"सोनीबाय बोलली, दाराला खीळ घातली का आत कोन येत नाय. तशी घातली. दहा वर्सांनी काढू बोललेली. ती आदीच मेली."

"आणि नंतर कोणाला सांगितलं नाहीस?"

"कोनाला सांगू? तो दर जत्रंला महालक्ष्मीला कोंबडा कापायचा, पोरगा दे म्हनून. रांधायची मीच."

धाकटी मुलगी आता कोसबाडला शिकत होती. पुष्पाने मनाशी हिशेब केला. अठरा वर्षे झाली होती.

एक्स-रे लगेच काढला. मणके आणि कमरेची हाडे धूसर दिसत होती. त्यांच्या मधोमध, किंचित कललेली, पांढरीशुभ्र खीळ. डॉ. ऋचा फिल्म उजेडाकडे धरून उभ्या राहिल्या. त्यांनी पुष्पाला आशा दाखवली, पण हात राखून. विसरून राहिलेल्या तांबीभोवती क्वचित एक जंतू वर्षानुवर्षे मुरतो आणि हुबेहूब कॅन्सरसारखी गाठ बांधतो. तो पेनिसिलिनने मरतो. मात्र खीळ सापडली म्हणून गाठ साधी, असे नव्हे. गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय काहीच म्हणता येणार नाही. रुग्णवाहिका त्यांनी पुढे ढकलली.

आता ती का पुढे ढकलली, हे लाहूला सांगणे भाग होते. पुष्पाने धाकलीला विचारले, डॉक्टर त्याला समजावतील, चालेल का?

"मी सांगन," धाकली म्हणाली. "माजी खीळ हाय."

पुष्पा कक्षाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उगाचच चादरी घडी करत राहिली. पडद्याखालून तिला लाहूचे धुळीने भरलेले पाय दिसत होते. बोलणे ऐकू येत नव्हते. थोड्या वेळाने ते पाय वळले आणि दाराबाहेर गेले. रूपी मागोमाग धावली. त्याने तिला हातानेच परतवले. फाटकाजवळच्या बाकावर तो चार तास बसून होता. धाकलीने त्या दुपारी जेवणाच्या ताटाला हात लावला नाही.

दिवे लागायच्या सुमारास लाहू परत आला. हातात चहाचे दोन ग्लास होते. एक त्याने धाकलीपुढे धरला.

"आदी बोलली असतीस," तो म्हणाला, "तं कोंबडे तरी वाचले असते."

पहिली हसली हिरकणी, टाके धरून. मग रूपी. धाकलीला हसू फुटले तशी तिने पोट दाबून धरले आणि डोळ्यांना पदर लावला. लाहू मात्र हसला नाही. तो स्टुलावर बसून चहा पीत राहिला. ग्लास रिकामा झाल्यावरही त्याने तो खाली ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी खीळ काढली. पुष्पाने ती बाटलीत घालून धाकलीला दाखवली. तांबे काळे पडले होते, दांडीला पिवळट कण चिकटले होते.

"येवढीशी?" धाकली म्हणाली.

सुईने घेतलेला गाठीचा तुकडा आणि ती बाटली मुंबईच्या प्रयोगशाळेत गेली. अहवाल यायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत लाहू खाटेजवळच होता. धाकलीला तापात कापरे भरले की आपली शाल तिच्या पायांवर टाकी. अहवाल आला. कॅन्सरच्या पेशी नाहीत. पिवळ्या कणांत तोच जंतू. डॉ. ऋचांनी अहवाल दोनदा वाचला आणि मुंबईच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनीही शस्त्रक्रिया नको म्हटले. मग साडेचार आठवडे शिरेतून पेनिसिलिन चालले. शिरा सापडेनाशा झाल्या तेव्हा धाकली स्वतःच हात उलटा करून दाखवी, इथे बघ म्हणे. त्यानंतर गोळ्या देऊन तिला घरी पाठवले.

पुष्पाचा प्रश्नांचा क्रम आजही तोच आहे. फक्त त्या एका प्रश्नापाशी ती शब्द वापरत नाही. स्वतःच्या तळहातावर बोटाने एक आडवी आणि एक उभी रेघ ओढते आणि विचारते, तुमच्याकडे याला काय म्हणतात?

सोमवार, १२ ऑगस्ट. लावणी आटोपून दोघे तपासणीला आले. धाकलीच्या टाचांच्या भेगांत अजून चिखल होता. तिच्या काखेत पाय बांधलेला लाल कोंबडा होता. रुग्णालयात तो आणू दिला कसा, हे वॉचमनलाच ठाऊक. पुष्पा नको नको म्हणत होती.

"देवीचा नाय," लाहू म्हणाला. "तुजा हाय. घे."

धाकली काट्याकडे निघाली, तशी पुष्पा म्हणाली, आधी कोंबडा खाली ठेव. धाकलीने तो लाहूच्या हाती दिला, चपला काढल्या, आणि काट्यावर सरळ उभी राहिली.

सेहेचाळीस किलो.