शिपाई : तीन अर्थ

“वाचा बाई, मोठ्याने. वर्षभरात काय झालं ते मलाही कळू दे,” असं म्हणत संचालकांनी खणातून एक कार्ड ओढलं आणि माझ्या हातात ठेवलं.

कार्ड पांढरं होतं. एवढंच मला दिसलं.

शब्दकोशाचं हे काम मी एकवीस वर्षं करते आहे. गेल्या वर्षी अक्षरं पुसट होत होत पार गेली. तेव्हापासून रोज सकाळी, कार्यालय भरण्याआधी, मामा मला कार्डं वाचून दाखवतात. मी सांगते त्या दुरुस्त्या लिहितात. मामा म्हणजे आमचे शिपाई. आम्हा दोघांखेरीज कुणाला याचा पत्ता नाही. लागला, तर कोश माझ्या हातून गेलाच.

“बाई?”

मामांनी चहाचा ट्रे टेबलावर ठेवला. “साहेब, ते कार्ड माझ्या हातचं. कोंबडीचे पाय नुसते! बाईंनी किती वेळा झापलंय. आणा, मीच वाचतो.”

“तू कार्डं लिहितोस?”

“बाईंच्या हाताखाली माठसुद्धा लिहायला लागेल, साहेब.”

संचालक हसले. कार्ड छातीशी धरून मामा वाचू लागले.

शिपाई. पुल्लिंगी नाम.

१. सैन्यात लढणारा.
(मामांचे वडील. घरी परत आली ती त्यांची ट्रंक.)

२. पोलिसांतला सर्वांत खालच्या हुद्द्याचा माणूस.
(मामा भरतीला गेले होते. छाती दोन बोटं कमी भरली.)

३. कचेरीत निरोप पोचवण्याचं व इतर हलकं काम करणारा नोकर.

‘हलकं’पाशी आवाज जरासुद्धा अडखळला नाही. ते कार्ड माझंच होतं, पहिल्या वर्षीचं. तेव्हा माझं अक्षर सुरेख होतं.

“छान. चालू द्या.” संचालक चहा न घेताच गेले.

दार लागल्यावर मी म्हणाले, “मामा, ते ‘हलकं’ खोडा.”

“कशाला? इतकी वर्षं कुणाला टोचलं नाही.”

“मला टोचतंय. आणि पुढे उदाहरण लिहा : शिपायाने आज माझी लाज राखली.”

“लिहिलं.”

कागदावर पेन घासल्याचा आवाज आला नव्हता.

“मामा, खोटं?”

“आता स्वतःच्या हाताने स्वतःचंच कौतुक काय लिहायचं, बाई!”

मी हात पुढे केला. पेन मिळालं, कार्डही मिळालं. पहिला शब्द लिहिला. दुसरा बहुतेक खाली घसरला. मामांनी माझ्या हाताखाली पट्टी आणून धरली आणि वाक्य संपेपर्यंत ती हलू दिली नाही.