विरोधी मत

“तुमच्याच पुस्तकात आहे, मॅडम. कित्येक देशांत प्रमुख निवडून येत नाही, नेमला जातो. तरी तिथे लोकशाही आहेच ना?” कुलगुरूंनी खुणेचं पान उघडून पुस्तक पुढे सरकवलं.

“आहे,” बाई म्हणाल्या.

“मग प्राध्यापकांच्या सभेत एवढंच सांगा. यापुढे विभागप्रमुख मी नेमणार, निवडणूक बंद. तुमच्या शब्दाला वजन आहे.”

बाईंनी उमेदीची सगळी वर्षं देशोदेशींच्या लोकशाह्या शेजारीशेजारी ठेवून पाहण्यात घालवली होती. कुठे अध्यक्ष, कुठे पंतप्रधान. कुठे दोन सभागृहं, कुठे एकच. विद्यार्थी पाठीमागे त्यांना ‘तुलनाबाई’ म्हणत. वर्गात त्या कुणाची बाजू घेत नसत. “मी फक्त तुलना करते, निवाडा तुम्ही करा,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं.

“निवृत्ती तोंडावर आलीय. कशाला विकतचं दुखणं घेतेस?”

“खोटं बोला म्हणत नाहीत रे ते. अर्धं बोला म्हणतात.”

“मग बोल की. मला तरी कुठे पूर्ण सांगतेस?”

बाई हसल्या.

सभेत त्या उभ्या राहिल्या. “प्रमुख नेमलेला चालतो,” त्या म्हणाल्या. कुलगुरूंनी मान डोलावली. “पण तिथे नेमणाऱ्याला लोक घरी पाठवू शकतात. इथे आपल्याला ती सोय नाही. म्हणून माझा विरोध आहे.”

सकाळी जिन्यात “आम्ही तुमच्या पाठीशी आहोत” म्हणणारे सहकारी आता टेबलाकडे बघत होते. ठरावाच्या बाजूने हात वर झाले. बाईंच्या हाताखाली शिकलेल्या तरुण प्राध्यापकाचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला. त्याची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. बाईंनी नजर दुसरीकडे वळवली.

“ठराव मंजूर,” कुलगुरू कागद आवरत म्हणाले.

“विरोधी मतं मोजायची राहिलीत.”

“एकच तर आहे, मॅडम. त्यात काय मोजायचं?”

बाईंनी हात वर केला. चहा आला. खुर्च्या सरकल्या, लोक घोळक्याने बोलू लागले. हात वरच होता. अखेर उठून निघालेले सभेचे सचिव पुन्हा खाली बसले आणि त्यांनी इतिवृत्तात आकडा टाकला.

“लिहिलंत?”

“लिहिलं, बाई.”

मग त्यांनी हात खाली घेतला आणि आपला कप उचलला.