ही रिबन संपत नाही

मी एक टॅब बोलतोय. गळ्याची शपथ घेऊन सांगतो, पुढचा शब्द न शब्द खरा आहे. आता टॅबला गळा कुठला, म्हणजे पहिलीच शपथ खोटी निघाली. पण तेवढं सोडून द्या.

हातात धरून व्हिडिओ बघायचा तो टॅब वेगळा, त्याची-माझी सोयरीक नाही. कॉम्प्युटरवर अर्ज लिहायचं सॉफ्टवेअर उघडलं की वर बटणांची रुंद पट्टी दिसते. तिला रिबन म्हणतात. तिच्या माथ्यावर 'होम', 'इन्सर्ट', 'व्ह्यू' अशी नावं ओळीनं बसलेली असतात. ज्याच्यावर टिचकी माराल त्याची बटणं खाली उघडतात. त्या इंग्रजी पंगतीत शेवटच्या पाटावर एकटा मराठी, तो मी. माझं नाव 'बाबा'.

डोणगावच्या माणिकरावांनी तीस वर्षं टाइपरायटरवर लोकांचे अर्ज बडवले. बोट इतकं जड, की इथं 'महोदय' टाइप केलं की तिकडं तालुक्याला मेहकरात साहेब खुर्चीतून उठून उभा राहायचा. पुढं त्या मशीनची शाईची रिबन मिळेनाशी झाली, तेव्हा त्यांच्या लेकीनं, सारिकानं, कॉम्प्युटर आणला. इंग्रजी नावांच्या गर्दीत वडील हरवू नयेत म्हणून तिनं मला घडवलं. त्यांना लागतील तेवढीच बटणं माझ्या पदरात टाकली आणि त्यांना मराठी नावं दिली. 'छाप'. 'जाड कर'. 'जपुन ठेव'.

"सारे, जपूनमधला पू दीर्घ असते व," माणिकराव म्हणाले.

"राहू द्या न बाबा, कॉम्प्युटरले कुठं समजते!"

माणिकरावांची एक खोड होती. टाइपरायटरवर अक्षर फिकं उमटलं की त्याच्यावरच दुसरा ठोका द्यायचा. ती सवय माउसवर उतरली. टॅबला एक टिचकी पुरते, ते दोन मारायचे. आणि दोन मारल्या की अख्खी रिबन मिटून जाते. मग घरभर आरोळी, "सारे, रिबन संपली व!"

ती हसत यायची. "बाबा, हे शाईची रिबन नोहे. हे संपत नाही. दोनदा दाबली का मिटते, पुन्हा दोनदा दाबली का उघडते."

रोज तीच आरोळी, रोज तेच उत्तर. दोघांनाही कंटाळा कसा तो येत नसे.

गेल्या श्रावणात सारिकाला ताप आला आणि चार दिवसांत ती गेली.

महिन्याभरानं गोजरबाई रेशनकार्डाचा अर्ज लिहून घ्यायला आल्या. पहिल्याच ओळीला रिबन मिटली. "सारे, रिबन..." हाक अर्ध्यातच तुटली. गोजरबाई पदराशी चाळा करत बसल्या. आतून माणिकरावांच्या कारभारीण, सिंधूताई, पिठाच्या हातानं बाहेर आल्या.

"काऊन थांबले? दोनदा दाबा न. पोरगी तसंच करे."

"तूच दाब," माणिकराव म्हणाले.

दिवाळीच्या आधी कॉम्प्युटर जळाला. मुलगा प्रसेनजित बुलढाण्याहून नवा घेऊन आला. माणिकरावांनी एवढंच विचारलं, "पोरीनं बनवलेलं येईन न बे याच्यात?"

"हाव बाबा. जसंच्या तसं येईन."

दार लावून तो बसला. दुपारी मी पडद्यावर होतो. माणिकराव चष्मा पुसून वाकले आणि एकेक बटण वाचू लागले. 'छाप'. 'जाड कर'. 'जपून ठेव'. तिथं त्यांचं बोट बराच वेळ थांबलं.

मग म्हणाले, "हाव. तेच हाय."

आता कबुली देतो. साहेब उठून उभा राहायचा ही थाप तुम्ही ओळखलीच असेल. दुसरी मोठी आहे. सारिकानं मला घडवलं नाही. तिचं बोट मला कधी लागलंच नाही. तिचा टॅब जुन्या मशीनबरोबर गेला, त्यातून काहीच निघालं नाही. मला प्रसेनजितनं आठवून आठवून बनवलं. बहिणीची सगळी बटणं जागच्या जागी लावली, फक्त पू दीर्घ लिहिला. माझ्या आधीचं सगळं मी या घरातल्यांच्या बोलण्यातून ऐकलेलं.

माणिकराव अजून दोनदाच दाबतात. रिबन मिटते. ते जरा वेळ दाराकडे बघतात, मग आपणच पुन्हा दोनदा दाबतात. हे मात्र मी रोज पाहतो.

प्रसेनजित कुठं भेटला तर एक करा. बाबांना कळलंय, हे त्याला सांगू नका.