शाल्मलीच्या खोलीची लांबी

पलंग दारासमोरून हलवून कोपऱ्यातल्या भिंतीला लावला, त्या दुपारी शाल्मलीची खोली चार पावलांनी लांब झाली. मी मोजून पाहिलं. खाली जाऊन बाहेरून इमारतही पाहिली. ती होती तेवढीच होती.

शाल्मली माझी मुलगी, नऊ वर्षांची. तिची आई गेल्यापासून ती नीट झोपत नव्हती, म्हणून मी शेजवलकर मॅडमना बोलावलं. त्या फेंगशुईप्रमाणे मुलांच्या खोल्या लावून देतात. होकायंत्र घेऊन त्या खोलीभर फिरल्या. म्हणाल्या, "पलंग दारासमोर असला की मुलाला वाटत राहतं, कुणीतरी येईल."

"येणार तर नाहीये कुणी."

"म्हणूनच हलवा."

पलंग हलवल्यावर शाल्मली पहिल्यांदा सलग झोपली. मग आरसा काढला. खोली आणखी वीस पावलं वाढली आणि शाल्मली पोटभर जेवायला लागली. भिंतींना फिका हिरवा रंग दिला, तेव्हा ती गुणगुणायला लागली म्हणे. तीच म्हणाली. मला ऐकू येत नव्हतं, कारण पलंग आता दारापासून आमच्या गल्लीच्या टोकाइतका लांब होता.

मी मॅडमना फोन केला.

"मुलगी बरी आहे ना?"

"बरी आहे. पण मला पोचायला वेळ लागतो."

"मग लवकर निघत जा."

मॅडमनी सांगितलेले बाकीचे बदलही करत गेलो, तशी खोली वाढतच गेली. मी लवकर निघायला लागलो. सकाळी डबा भरून निघालो की दुपारी पोचायचो. तिच्याजवळ थोडा वेळ बसायचो आणि परत फिरायचो, कारण ऑफिस दाराच्या पलीकडे होतं.

"आज राहा ना, बाबा."

"रविवारी राहतो."

मॅडमनी सांगितलेल्यातली एकच वस्तू उरली होती, खिडकीत टांगायचा स्फटिक. मला तो लावायचा नव्हता. शाल्मली म्हणाली, "लाव ना, छान दिसेल." तिचा चेहरा इतका हसरा होता की मी लावला.

त्या रविवारी निघालो तो संध्याकाळपर्यंत चालत होतो. सोमवारीही चालत होतो. किती दिवस झाले ते पुढे मी मोजलं नाही. मग समोरून कुणीतरी येताना दिसलं. शाल्मली होती. फ्रॉक तिला फार आखूड झाला होता आणि ती आता माझ्या खांद्याएवढी उंच झाली होती.

"कुठे निघालीस?"

"तुझ्याकडे. तू किती दिवसांत आला नाहीस."

"मी वाटेतच होतो."

आम्ही खाली बसून डबा उघडला. पोळ्या अजून गरम होत्या. तिने तीन खाल्ल्या.

"दार किती लांब आहे, बाबा?"

मी मागे वळून पाहिलं. दार दिसत नव्हतं. तिच्या बाजूला पलंगही दिसत नव्हता.

"आपण इथेच राहू," मी म्हणालो.

"चालेल," ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवायला तिने मान वाकवली. मी तिच्याकडे सरकलो. तरी आमच्यामध्ये एक पाऊल उरलं.

मग दोन.