शेवटचा वापर

मी एक पोलादी रिंग बोलतेय. मला हात नाहीत, म्हणून माझं बोलणं आमच्या कारखान्यातला प्रणय लिहून घेतोय. त्याची शाळा आठवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, शब्द साधे वाटले, तर आम्हा दोघांना सांभाळून घ्या.

माझा जन्म मुरबाडच्या एका छोट्या कारखान्यात झाला. लेथवर मला आकार मिळाला, भट्टीत मी कडक झाले. मग शकूमावशीने मला पॉलिश केलं. ती प्रत्येक रिंगेच्या आतून बोट फिरवते. खरखर लागली की म्हणते, "थांब गो, अजून दाढी राहिली तुझी."

आम्ही परदेशी जाणार होतो. माल रवाना झाला तर मावशीचं मशीन चालू राहणार होतं. नाहीतर तिला रोज पहाटे भिवंडीच्या गोदामात जावं लागणार होतं, आणि घरी अंथरुणावर पडलेल्या नवऱ्याला पाणी द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

मग कळलं, आमच्या मापाची रिंग कारखान्यातल्या पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये बसते, तशी तोफेचा धक्का झेलणाऱ्या नळकांड्यातही बसते. म्हणून सरकारची परवानगी हवी. कागद तयार करणाऱ्या कल्याणच्या ऑफिसने माहिती मागवली. ती भरायचं काम प्रणयकडे आलं. एक रकाना होता, 'शेवटचा वापर'. त्याने पुष्कळ विचार केला आणि प्रामाणिकपणे लिहिलं, 'झिजल्यावर भंगारात.'

त्या ऑफिसातल्या हेतलमॅडमचा फोन आला. त्या हसत होत्या. "अहो, भंगारात नाही! शेवटी कोणाच्या हातात जाणार, कशासाठी, ते लिहा. गिऱ्हाइकाकडून तसं लेखी आणा."

मालक देवजीशेठ वैतागले. "सरकारच सांगतं माल बाहेर पाठवा, आणि सरकारच दाराला कडी घालतं!"

फोनवरूनच हेतलमॅडम म्हणाल्या, "शेठ, विकायला कोण नको म्हणतंय? तीच रिंग बसवलेली तोफ उद्या आपल्याच पोरांवर चालली तर?"

गिऱ्हाइकाला तीनदा विचारलं. उत्तर एकच. माल पाठवा, बाकीचं आम्ही बघतो.

"लिही रे, पाण्याचा पंप," देवजीशेठ म्हणाले. "कोण बघाया जातंय?"

प्रणयचं पेन हलेना. त्याने मावशीकडे पाहिलं. काम तिचं जाणार होतं.

"माझ्याकडं काय बघतोस? तुला ठाव हाय का, कुठं जानार त्या?"

"नाय."

"मग नाय लिही. मी बोट फिरवलंय त्यांच्यातनं. कुनाचं घर पाडाया नाय फिरवलं."

त्याने रकान्यात लिहिलं, 'माहीत नाही.' परवानगी मिळाली नाही, ऑर्डर गेली. देवजीशेठनी दोन दिवस हिशेबाच्या वह्या चाळल्या. तिसऱ्या दिवशी प्रणयला म्हणाले, "महिनाभर मशीन चालू ठेवतो. तवर दुसरं गिऱ्हाईक आण. लय शहाणा झालास ना!"

प्रणय कंडक्टरकडे तिकीटसुद्धा हळू आवाजात मागतो. मी खोक्यात तेल लावून पडले होते. माझी तक्रार नव्हती. मला कुठेही न्या, फक्त नेणाऱ्याने आपलं नाव सांगावं, एवढंच मागणं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रणयने मला पुसलं, रुमालात बांधलं आणि शहापूरची एसटी पकडली. आटगावजवळच्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमनने विचारलं, "काय काम?" प्रणयने रुमालाची गाठ सोडली. मग त्याने मला तळहातावर ठेवून पुढे केलं.

"आमच्या मावशीनं घासलीय. तुमच्या प्रेसला बसंल का? आन्... बसली तर, तुमी त्या प्रेसवर काय बनवता?"