चौथा गडी

बुलढाण्याबाहेर पठारावर एका हॉटेलवाल्याने गोल्फचं छोटं मैदान केलंय. रविवारी सकाळी तिथे जत्रा भरते. त्या जत्रेत मी एकटी खेळते, आणि हौस म्हणून नाही. माझे मालक, अर्जुनराव, मागच्या दिवाळीआधी गेले.

त्यांची चौकडी ठरलेली. ते, उत्तमराव, भगवंतराव वकील आणि उत्तमरावांचा जावई कुलदीप. मालकांना बरं नसलं की त्यांच्या जागी मी खेळायचे. "जयमालावहिनीचा हात सरळ आहे," असं हेच लोक म्हणायचे.

त्या रविवारी ते तिघं माझ्या पुढच्या होलवर होते. या खेळाची साधी रीत आहे. पुढचे रेंगाळत असले आणि मागे एकटाच कोणी असला, तर हात करून त्याला पुढे जाऊ द्यायचं. नाहीतर सोबत घ्यायचं, चौघांपर्यंत चालतं. अर्जुनराव तर अनोळखी माणसालाही हाक मारायचे.

हे तिघं मात्र दर होलवर गप्पांचा फड मांडून उभे. गवतात गेलेला चेंडू असा शोधत होते, जणू लेकीच्या लग्नातला दागिना हरवलाय. मी मागे काठी टेकून ताटकळत होते. कुलदीपने वळून पाहिलं आणि लगेच बुटाची लेस बांधायला वाकला. पुढच्या होलवर पुन्हा तेच. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी काठ्यांची पिशवी उचलून सरळ चालत गेले आणि ती त्यांच्यासमोर टेकवली.

"मले पुढं तरी जाऊ द्या, नाही तं संग तरी घ्या," मी म्हणाले. "तुमी तिघंच तं आहा."

उत्तमरावांनी टोपी सारखी केली. "तिघं कुठं, वहिनी? आमी चौघं आहो."

भगवंतरावांनी खिशातून एक खडा काढून दाखवला. आमच्याकडे तिघं मिळून कामाला निघाले की चौथा म्हणून खडा सोबत घेतात. तीन तिगाडा, काम बिगाडा.

"हा अर्जुनराव समजा," ते म्हणाले. "त्याची जागा आमी कोनाले देली नाही."

"ते बिमार असले की त्यांच्या जागी मीच खेळत होती ना?"

"तवाची गोष्ट येगळी होती, वहिनी," उत्तमराव म्हणाले. "तवा ते होते. आता लोकं काय म्हनतीन?"

इतकी वर्षं माझ्या घरचा चहा यांना गोड लागला. नवरा गेला, तशी माझी सोबत कडू झाली. आणि तो हसरा, बोलका माणूस यांनी दगड करून खिशात घातला. असा संताप आला की सांगता सोय नाही.

मी भगवंतरावांच्या हातातून तो खडा घेतला आणि लांब बाभळींत भिरकावून दिला.

"आता तिघंच राह्यले," मी म्हणाले. "आता कोनाले घेता?"

मागे दुसरी मंडळी येऊन थांबली होती. भगवंतराव हळूच खाली वाकले. माझी पिशवी त्यांच्या पायाशीच होती. मला वाटलं, ती उचलून म्हणतील, चला.

त्यांनी पिशवीजवळचा दुसरा खडा उचलला, रुमालाने नीट पुसला आणि खिशात टाकला.