राहून गेलेलं शून्य

शिकवणीवर्गाचे मालक धीरज सर भूमिकाच्या सासऱ्यांना, प्रेमचंदभाईंना म्हणाले, "काका, उन्हात कशाला थांबता? आत बसा की." आणि भूमिकानं पदर पुढे ओढला. लोणखेड्याच्या त्या वर्गात आज तिला दहावीच्या पोरांना एक गणित शिकवून दाखवायचं होतं. जमलं तर नोकरी. नाही जमलं तर घर, केळीचं शेत आणि सासूबाईंचं "सांगतलं व्हतं ना मी."

सासरे शेवटच्या बाकावर बसले. त्यांच्या घरात सासऱ्यांसमोर सुनेच्या डोक्यावरचा पदर ढळत नाही आणि तिचा आवाज ओठाबाहेर पडत नाही. स्वयंपाकघरात हे निभतं. फळ्यावर कसं निभावं?

एका हातात पदर, दुसऱ्यात खडू. तिनं लिहिलं : x² = 5x.

"मॅडम, ऐकू येत नाही," मागून कुणीतरी म्हणालं.

तोंडानं पायऱ्या सांगायच्या तर आवाज चढवावा लागणार. त्यापेक्षा लवकर उरकावं म्हणून तिनं दोन्ही बाजूंना x नं भागलं आणि उत्तर मांडलं : x = 5. हुश्श.

पुढच्या बाकावरची काजल वहीतून मान वर न काढता म्हणाली, "पण शून्य टाकलं तरी जमतंय, मॅडम."

पोरं हसली. धीरज सरांनी पेनचं टोपण लावलं. भूमिकाचे कान तापले. बी.एस्सी. झालेल्या बाईनं एक उत्तर गिळलं होतं, तेही सासऱ्यांदेखत.

तेवढ्यात बाक करकरला. प्रेमचंदभाई उठले. "भाईर बठस मी. आठे हवा लागत नही," असं छताकडे बघून म्हणाले आणि निघून गेले. इथं हवा लागत नाही म्हणे, आणि डोक्यावर पंखा गरगरत होता.

रागावले. संपलं, तिला वाटलं. त्यांची मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज येईल म्हणून तिनं कान दिला. आला नाही. खिडकीतून दिसलं, ते रस्त्याकडे तोंड करून उभे होते, वर्गाकडे पाठ.

तिनं पदर सोडला. तो खांद्यावर आला, तिथंच राहू दिला.

"काजलचं बरोबर आहे," ती म्हणाली, आणि आपल्याच आवाजानं दचकली. "x शून्यही असू शकतो, आणि शून्यानं भागता येत नाही. मी न विचारता भागलं. आता नीट करू. 5x डावीकडे आणा : x² − 5x = 0. दोघांत सामाईक काय?"

"x," पोरं ओरडली.

"बाहेर काढा. x(x − 5) = 0. गुणाकार शून्य, म्हणजे दोघांपैकी एक तरी शून्य. म्हणून x = 0, नाहीतर x = 5. दोन्ही लिहायची. एकालाही घराबाहेर ठेवायचं नाही."

धीरज सर उठून दारात गेले. "काका, उद्यापासून पाठवाल का यांना?"

प्रेमचंदभाईंनी मान वळवली नाही. "माले काय इचारस? तिलेच इचार."

सर वळण्याआधीच आतून उत्तर आलं, रस्त्यापर्यंत पोचेल असं.

"येईन."